आमच्या व्हॅनचें पासिंग

बदलापूर या नांवाची व्युत्पत्ति आमच्याकडे अशी सांगतात कीं, पूर्वीं या वाटेनें जाणारे प्रवासी आपले थकलेले घोडे येथें बदलीत आणि ताज्या दमाचे घेऊन पुढें निघत. शास्त्राच्या कसोटीस ती किती उतरेल याविषयीं आम्ही, जन्मभर मुलांना संस्कृत शिकविलेले गृहस्थ, पैज मारणार नाहीं. पण ज्या गांवाचें नांवच वाहन बदलण्यावरून पडलें, त्या गांवांत राहून आम्हीं चाळीस वर्षें एकच वाहन बाळगलें, ही थट्टा घरांतील मुलें आमची वरचेवर करितात.

हें वाहन म्हणजे मारुति व्हॅन. मारुति उद्योगाची पहिली मोटार डिसेंबर १९८३ मध्यें गुडगांवच्या कारखान्यांतून बाहेर पडली आणि पुढल्या वर्षीं ही व्हॅन आली. १९८८ पासून तीस 'ओम्नी' म्हणूं लागले, व २०१९ सालीं तिचें उत्पादन बंद झालें. आमची गाडी १९८५ ची, म्हणजे बारशापूर्वींची. ती आमच्या वडील बंधूंनीं घेतली. त्या वेळीं घरांत दोन्ही वेळां चौदा पानें मांडावीं लागत. आणि गाडींत किती माणसें मावतात हें गाडी करणाऱ्यानें ठरवावयाचें नसून बसणाऱ्यांनीं ठरवावयाचें असतें, असें त्यांचें ठाम मत होतें.

बंधू २०११ सालीं गेले. आतां गाडी राखण्याचें खरें कारण आमच्या वहिनी आहेत. त्यांना ऐंशी वर्षें पुरीं झालीं; गुडघ्यांनीं जबाब दिला आहे; दर पंधरवड्यास औषधोपचारासाठीं त्यांना कल्याणास न्यावें लागतें. बदलापुरची सकाळची लोकल ही तरुण माणसाच्याहि बरगड्यांची परीक्षा घेते, मग वहिनींची कथा काय? व्हॅनचें दार बाजूला सरकतें, आंतली जमीन सपाट आहे, म्हणून चाकांची खुर्ची दोघांनीं उचलली कीं ती वहिनींसकट आंत जाते. नव्या मोटारींत त्यांना वांकून शिरतां येत नाहीं.

तरी २०२५ च्या अखेरीस नोंदणीची मुदत संपत आली तेव्हां आमचा पुतण्या म्हणाला, "काका, आतां पुरे झालें. भंगारांत देऊन टाकूं." त्याचें म्हणणें अगदींच अविचाराचें नव्हतें. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. तेथून पुढें दर पांच वर्षांनीं तपासणी, जीस लोक 'पासिंग' म्हणतात, आणि तीबरोबर पर्यावरण-कर. नूतनीकरणाचें शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशें रुपयांवरून पांच हजारांवर गेलें होतें. ऑगस्ट २०२५ मध्यें वीस वर्षांवरील मोटारींस तें दहा हजार झालें. बरें, पुरातन वस्तु म्हणून कांहीं मान मिळावा, तर २०२१ च्या नियमांप्रमाणें त्यास पन्नास वर्षें भरावीं लागतात. म्हणजे आमची गाडी म्हातारी खरी, पण पूज्य होण्यास तीस अजून दहा वर्षांचा अवकाश!

पैशांची अडचण एकवेळ निभावली असती. खरी अडचण धुराची होती. जुन्या पेट्रोल-मोटारींस धुरांत कार्बन मोनॉक्साइड शेंकडा तीनपर्यंत चालतो. आमच्या गाडीचा आंकडा आला ४·६. पुतण्यानें तो कागद आमच्यापुढें ठेवला आणि कांहीं बोलला नाहीं. वहिनी आंतून ऐकत होत्या. त्याहि कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं आम्हीं गाडी उल्हासनगरास नेली.

उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणी, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर तेथें सिंधी निर्वासित कुटुंबें आलीं, आणि १९४९ सालीं त्या वस्तीस हें नांव मिळालें. ज्यांचें सर्व कांहीं मागें राहिलें त्यांनीं मिळेल ती वस्तु दुरुस्त करावी, नाहीं तर तशीच नवी करावी, हें ओघानेंच आलें. तेथील मालाच्या नकलांची लोक चेष्टा करितात, पण गरजेच्या वेळीं तेथेंच जातात. आमचे मिस्त्री याच परंपरेंतले. वय पंचाहत्तरीच्या घरांत. आम्ही त्यांना उस्ताद म्हणतों, ते आम्हांस मास्तरजी म्हणतात. जुलै २०१९ मध्यें उल्हास नदीला पूर आला, वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यांत अडकली, त्या वेळीं आमच्या अंगणांतहि गाडीच्या बैठकीपर्यंत पाणी चढलें होतें. उस्तादांनीं फोनवर एकच वाक्य सांगितलें: "चावीला हात लावूं नका." पाणी हवेसारखें दाबलें जात नाहीं, सिलिंडरांत पाणी असतांना इंजिन फिरविलें तर आंतला दांडा वांकतो. मग त्यांनीं येऊन प्लग काढले, इंजिन हातानें फिरवून पाणी बाहेर काढलें, आणि ताकासारखें पांढरें झालेलें ऑइल दोनदां बदललें. त्या दिवसापासून त्यांचा शब्द आमच्या घरीं प्रमाण आहे.

या गाडीचें इंजिन पुढल्या बैठकीखालीं असतें. बैठक उचलली कीं तें समोर. तीन सिलिंडर, ७९६ घनसेंटिमीटर. ठिणगीचा क्रम एक-तीन-दोन. मुख्य दांडा दर २४० अंश फिरला कीं एक ठिणगी. वेदपठणांत जटा, घन असे जे पाठ आहेत त्यांची आम्हांस येथें आठवण होते. पदें तींच, पण क्रम बांधलेला. एक पद चुकलें कीं अर्थ न समजणाऱ्याच्या कानालाहि तें कळतें. उस्ताद यास 'मिसिंग' म्हणतात.

त्यांचाहि एक क्रम आहे आणि तो ते कोणासाठीं मोडीत नाहींत: आधीं टॅपेट, मग प्लग आणि पॉइंट, मग ठिणगीची वेळ, आणि सर्वांच्या शेवटीं कार्बोरेटर. कार्बोरेटरचा स्क्रू हाताशीं असतो, म्हणून जो तो आधीं तोच पिळतो. टॅपेटची फट अगदीं केसाएवढी, पण ती कमी पडली तर तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाहीं आणि जळतो. जास्त झाली तर टकटक सुरू होते. मापाचें पातें फटींतून ओढतांना किती ओढ लागावी हें विचारलें, तर उस्ताद म्हणाले, "मिटलेल्या वहींतून कागद ओढतांना लागते तेवढी." आम्हांस याहून सोपी व्याख्या कोणत्याहि पुस्तकांत सांपडली नसती.

पॉइंटपाशीं काम अडलें. फट बसवावी, पुन्हां मोजावी, तों निराळी! डिस्ट्रिब्यूटरच्या दांड्याचें बुश झिजून दांडा डुलत होता. नवें बुश बाजारांत मिळेना. शेवटीं उस्तादांनीं चिठ्ठी देऊन आम्हांस अंबरनाथास धाडलें. शके ९८२ च्या, म्हणजे इसवी सन १०६० च्या, शिलालेखाचें शिवालय जेथें उभें आहे, त्याच गांवांत आज लेथवर हात बसलेले कारागीर गल्लोगल्लीं आहेत. एका तरुणानें अर्ध्या तासांत पितळेचें बुश कातून दिलें. पैसे सांगतांना तोच लाजला.

आतां धुराचें मूळ. वर्षाच्या आरंभीं गाडी चढावर अडखळूं लागली होती, तेव्हां रस्त्यावरील एका गॅरेजवाल्यानें कार्बोरेटरचा जेट मोठा घालून दिला होता. अडखळणें थांबलें, पण पेट्रोल जास्त जाऊं लागलें. प्लग काजळीनें काळे झाले होते. उस्तादांनीं इंजिन चालू ठेवून एकेक रबरी नळी बोटानें दाबून पाहिली. एक नळी दाबतांच आवाज बदलला. तेथें चीर होती आणि तींतून फुकटची हवा आंत जात होती. म्हणजे रोग हवेचा आणि औषध पेट्रोलचें! त्यांत अलीकडच्या पेट्रोलमध्यें शेंकडा वीस इथेनॉल असतें. निव्वळ पेट्रोलच्या एका भागास वजनानें सुमारें साडेचौदा भाग हवा लागते. इथेनॉलास नऊच भाग पुरते. नव्या मोटारी हा फरक आपला आपण ओळखून घेतात. कार्बोरेटरास ती अक्कल नाहीं. शिवाय जुन्या रबरास इथेनॉल मानवत नाहीं. उस्तादांनीं सगळ्या नळ्या व पंपाचा डायफ्राम नवा घातला, मूळच्या मापाचा जेट परत बसविला, आणि स्क्रू किंचितच सैल ठेवला. तो फिरवितांना ते डोळे मिटतात.

धुराचा आंकडा आला १·९. पुढल्या आठवड्यांत कल्याणास पासिंगहि झालें. पुतण्यानें दहा हजारांची पावती फडताळांत बंधूंच्या कागदांवर ठेवली आणि परत येतांना गाडी स्वतः चालविली. "खालीं बैठक गरम होते," एवढीच त्याची तक्रार. ती गाडी नवी होती तेव्हांहि होत असे.

उस्तादांची एक गोष्ट आम्हीं घरीं सांगितली नव्हती. मापाच्या पात्यावरचे आंकडे त्यांना आतां दिसत नाहींत. बरोबर आलेल्या पुतण्याच्या मुलीकडून त्यांनीं ते वाचून घेतले. नंतर पातें तिच्याच हातीं देऊन तिसऱ्या सिलिंडरची फट तिला मोजावयास लाविली. तीन वेळां तिनें ती चुकविली, चौथ्यांदा बरोबर आली. आतां मे महिन्याच्या सुटींत तीस पुन्हां आणा, असें त्यांनीं बजावलें आहे. आणि वहिनींनीं तिच्यासाठीं आपलें एक जुनें लुगडें फडकीं करावयास काढून ठेवलें आहे.