तळघरात मैला शिरला आणि आमचा आंबेडकरवाद तपासला गेला

जात गावात राहिली, शहरात ती संपली, असे सांगणारे अनेक शहाणे आम्हाला भेटतात. त्यांच्याशी आम्ही वाद घालतो, लेख लिहितो, व्याख्याने देतो. पण मागच्या पावसाळ्यात आमच्याच घराच्या तळघरात मैला शिरला आणि जात नेमकी कुठे लपून बसते ते आम्हाला दिसले. ती थोडी आमच्या आतही होती. ते कबूल करण्यासाठी हा लेख.

ठाण्याच्या पुढे एका वसाहतीत आमचे छोटे रो-हाऊस आहे. तळघरात आम्ही अभ्यासिका केली आहे. दोन टेबले, एक मोरी आणि भिंतभर पुस्तके. वस्तीतली मुले संध्याकाळी तिथे अभ्यासाला बसतात. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रकाशित केलेले बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड सगळ्यात खालच्या फळीवर होते. जड म्हणून खाली ठेवले होते.

जुलैतली रात्र. दिवसभर पाऊस कोसळत होता. मोरीतून गुडगुड आवाज आला आणि पाणी खाली जायच्या ऐवजी वर यायला लागले. आधी काळे पाणी, मग मैला. बघता बघता घोट्यापर्यंत चढले. आम्ही घाबरून वरच्या न्हाणीघरात हातपाय धुतले, तर तेही पाणी खालीच येऊन मिळाले!

कारण साधे आहे. रस्त्याखालची मैल्याची नळी भरली की पाणी मागे फिरते आणि सगळ्यात खालचे तोंड सापडेल तिथून बाहेर येते. ते तोंड म्हणजे आमची मोरी. नळी भरण्याचे कारणही आमचेच. वसाहतीतल्या कित्येक गच्च्यांचे पावसाचे पाणी मैल्याच्या नळीला जोडलेले. त्यात सॅनिटरी पॅड, चिंध्या, स्वयंपाकघरातले तेल. गटार आपण तुंबवायचे आणि मोकळे मात्र दुसऱ्याने करायचे, ही आपली जुनी समाजव्यवस्था!

शेजारचे काका छत्री घेऊन धावत आले. म्हणाले, "थांबा, माझ्याकडे एकाचा नंबर आहे." तासाभरात एक ठेकेदार आणि त्याच्यासोबत विशीतला एक पोरगा आला. पोरगा पायात चप्पल, अंगात बनियन. ठेकेदाराने रस्त्यावरच्या चेंबरचे झाकण सरकवले आणि म्हणाला, "साहेब, पोरगा उतरवतो. अर्ध्या तासात मोकळं. वरचे पाचशे द्या, त्याच्या दारूचे."

आता खरे सांगतो. आम्ही लगेच नाही म्हटले नाही. खाली खंड भिजत होते, मुलांच्या वह्या तरंगत होत्या. दोन-तीन मिनिटे आम्ही गप्प राहिलो, आणि त्या गप्प राहण्यात होकार होता. पोराने बनियन काढायला सुरुवातही केली.

तेवढ्यात आई दारातून ओरडली, "अरे, तुझ्या आज्यानं मेलेली ढोरं ओढायची सोडली. गावानं वाळीत टाकलं तरी सोडली. अन् तू या पोराला त्यात घालतोस?"

आम्ही भानावर आलो. ठेकेदाराला म्हटले, झाकण लावा, कोणी उतरणार नाही.

मग वाद सुरू झाला. काका म्हणाले, "त्यांना सवय असते हो." विषारी वायूची सवय कोणाच्या फुप्फुसाला नसते. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. प्रमाण वाढले की तो वास ओळखण्याची शक्तीच मारतो, म्हणून माणसाला धोका कळत नाही. पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो.

ठेकेदार म्हणाला, "तो मर्जीने उतरतोय." मग ही मर्जी पिढ्यान्‌पिढ्या त्याच त्या जातींनाच कशी होते? जातीव्यवस्था कामाची नव्हे तर काम करणाऱ्या माणसांची वाटणी करते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले.

तिसरा म्हणाला, "हे महापालिकेने बघायचं, आपला काय संबंध?" संबंध आहे. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधने न देता माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवायला बंदी आहे, आणि ती बंदी कोणत्याही व्यक्तीला लागू आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीच्या एका खासगी सोसायटीत सेप्टिक टँक साफ करताना तीन कामगार मेले. त्यांच्या विधवांना उच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा २०२१ मध्ये प्रत्येकी दहा लाख देण्याचा आदेश झाला. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ही भरपाई तीस लाख केली. पण भरपाई मेल्यावर मिळते. आम्हाला तो पोरगा जिवंत हवा होता.

त्या रात्री मग आम्ही काय केले? तळघराचे मेन स्विच बंद केले. वर पाणी वापरणे थांबवले. शेजाऱ्यांनाही थांबवायला सांगितले. मोरीच्या तोंडात गोणपाट कोंबून वर दगड ठेवला. सक्शनची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. "गल्लीत गाडी येत नाही" असे सगळे सांगत होते. दोन कार हलवल्या आणि ती आली! पाइप खाली गेला, माणूस वर राहिला.

तळघर आम्ही स्वतः धुतले. गमबूट, हातमोजे घालून, पायावरची जखम झाकून, कारण अशा पाण्यातून लेप्टोची भीती असते. शेवटी ब्लीचिंग पावडर टाकली. ती संडासाच्या ॲसिडमध्ये कधी मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. चार खंड फेकावे लागले. हळहळ वाटली. पण पुस्तके परत विकत मिळतात.

नंतर वसाहतीची बैठक घेतली. गच्चीचे पाणी मैल्याच्या नळीतून तोडायचे, तळघर असलेल्या प्रत्येक घराने उलटे पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवायचा, पावसाळ्याआधी चेंबर यंत्राने साफ करायचे आणि कोणत्याही परिस्थितीत माणूस उतरवायचा नाही, असा ठराव झाला. वाद झाले, वर्गणीवरून कुरकुर झाली. व्हॉल्व्हची किंमत एका मोबाईलपेक्षा कमी आहे हे कळल्यावर कुरकुर थांबली.

राहता राहिला तो पोरगा. जाताना त्याला चहा दिला, मजुरी पूर्ण दिली. तो म्हणाला, "काम नाही केलं तर पैसे कशाचे?" आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही त्याला एका रात्रीपुरते वाचवले. दुसऱ्या रात्री दुसऱ्या चेंबरवर त्याला कोण अडवेल? त्याच्या हाताला दुसरे काम कोण देईल? पुनर्वसन हा शब्द त्याच २०१३ च्या कायद्याच्या नावात आहे. तो अंमलात यावा म्हणून भांडणे हे आमचे पुढचे काम.

बांधवांनो, संविधानाचे कलम १७ अस्पृश्यता नष्ट करते. तुमच्या दारासमोरच्या चेंबरचे झाकण उघडेल तेव्हा ते कलम आठवा. आम्हाला आठवायला दोन-तीन मिनिटे उशीर झाला. तुम्ही तेवढाही करू नका.

जय भीम! जय संविधान!