वरची वहिवाट

आम्ही पडलो वकील. आणि तेही पांढुर्णा-सौसरकडचे. संत्र्याच्या बागेतून गाडी कोणत्या धुऱ्याने न्यायची, एवढ्यावरून इकडे सख्खे भाऊ आयुष्यभर कचेरीच्या पायऱ्या झिजवतात. १८८२ चा सुखाधिकाराचा कायदा आमच्या जुन्या मध्यप्रांताला आरंभापासूनच लागू होता. २० वर्षे उघडपणे, निर्वेध आणि हक्क म्हणून वहिवाटलेली वाट सहसा मोडता येत नाही, हे त्याचे सार.

साहजिकच रानातल्या जिवांविषयी वाचतानाही आमची नजर वाटेवरच जाते. कोकण-गोमंतकातील वाचकांना उडता सरडा ठाऊक असेल. लांब बरगड्यांवर ताणलेला पडदा उघडून तो या खोडावरून त्या खोडावर तरंगत जातो. त्याचे भाऊबंद मात्र ईशान्य भारतात आणि मलायात. मधे शेकडो कोसांचा कोरडा मुलूख. ओल्या रानावाचून ज्यांचे चालत नाही, ते जीव हा मुलूख ओलांडून गेले कसे? सुंदरलाल होरा यांनी गेल्या शतकाच्या मध्यास उत्तर दिले, की सातपुड्यावरून. खळाळत्या धारेत खडकाला चिकटून राहता यावे म्हणून ज्यांचे पोट चपटे झाले, असे डोंगरी ओढ्यांतले मासे त्यांनी साक्षीला काढले. पुढच्या अभ्यासकांनी या साक्षीची कसून उलटतपासणी केली, आणि तो दावा आजही वादग्रस्तच आहे. तरीही उन्हाळ्यात पानगळीने उघड्या पडणाऱ्या आमच्या सागवानी टेकड्या कधीकाळी कुणाची ओली वहिवाट असतील, ही कल्पना मनाला सुखावते खरी.

याच सातपुड्यात, पचमढीकडच्या गर्द दऱ्यांत, सह्याद्रीतले शेकरू आजही नांदते. त्याची लांब शेपटी तोल सांभाळते, नखे सालीत रुततात, आणि वीस फुटांची झेप ते सहज घेते. तांबूस व पिवळसर अंग पानांतल्या ऊनसावलीत विरघळून जाते. घरटीही एकाहून अधिक, तीही उंच फांद्यांवर. जमिनीवर ते क्वचितच उतरते. मात्र देह जितका उंचीसाठी घडला, तितका तो उंचीशी जखडलाही गेला. मधली चार झाडे तोडली, की त्याच्यापुरता रस्ता संपला.

नागपूर-जबलपूर महामार्गावर पेंचच्या रानात, न्यायालयातील वादानंतर, रस्ता काही ठिकाणी खांबांवर उचलला गेला. त्याखालून वाघ जाताना कॅमेऱ्यांनी टिपले, तेव्हा आमच्या व्यवसायाचे आम्हांला समाधान वाटले. पण वाघाची वाट खालून आहे, शेकराची वरून. खांबांनी ती मिळत नाही; ती फांदीला फांदी भिडूनच मिळते. रस्ता रुंद करणाराने नकाशावर आधी वर पाहावे, एवढाच आमचा अर्ज. अर्जदार स्वतः हजर राहू शकत नाही, म्हणून तो आम्ही दाखल करीत आहोत.