पाचवा गिअर

आमच्या जीपच्या मधोमध तीन दांडे होते. एक लांब, वाकडा, गिअरचा. त्याच्या शेजारी दोन आखूड. त्यांतला एक पुढची चाकं जोडायचा आणि दुसरा गाडी ‘लो’मध्ये टाकायचा. पुढं बसणाऱ्या पोरानं गुडघे डावीकडं वळवून बसायचं, वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, हाताच्या वाटेत यायचं नाही, हा घरचा कायदा होता. तो मोडला की बोलणी कमी आणि गुडघ्यावर दांड्याचा टोला जास्त.

गाडी होती सीजे-थ्रीबी. उंच बॉनेटची, समोरून पाहिली तर कपाळ मोठं वाटावं अशी. विलीज कंपनीनं हे मॉडेल अमेरिकेत १९५३ ते १९६८ या काळात बनवलं. आपल्याकडं महिंद्रनं चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत, माझगावला, सुटे भाग मागवून विलीज जीप जोडायला सुरुवात केली होती. थ्रीबी पुढं इथंच बनू लागली आणि अमेरिकेत बंद पडल्यावरही बनत राहिली. बॉनेट उंच, कारण आत हरिकेन इंजिन. जुन्या इंजिनाचे व्हॉल्व्ह सगळे बाजूला असत, याचे अर्धे डोक्यावर चढवले, म्हणून इंजिनाची उंची वाढली आणि झाकणाचीही. बावीसशे सीसीचं पेट्रोल, मागं तीन गिअरचा डबा.

तीन गिअरनं दिंडोरी तालुक्यात काय भागायचं, असं आज कुणी विचारेल. पण तेव्हाचे रस्ते तीन गिअरचेच होते. पालखेडच्या कालव्याकडची कच्ची वाट पहिल्यात, गावातला खडीचा रस्ता दुसऱ्यात आणि आग्रा रोडला लागलं की तिसरा टाकून नाशिकपर्यंत. तिसऱ्याच्या पुढं जायची गरज ना रस्त्याला होती, ना बैलगाड्यांना, ना अण्णांना.

त्या डब्याची एक खोड होती. दुसऱ्या-तिसऱ्याला सिंक्रोनायझर होता, पहिल्याला नव्हता. म्हणजे गाडी चालती असताना पहिला टाकायचा तर आतल्या दोन चक्रांचा वेग चालवणाऱ्यानं स्वतः जुळवायचा. नांदुरीहून सप्तशृंग गडावर चढणाऱ्या रस्त्यावर याची परीक्षा व्हायची. वळणावर समोरून एसटी आली की दुसऱ्यात दम निघायचा. मग अण्णा क्लच दाबून दांडा न्यूट्रलला आणायचे, क्लच सोडायचे, ॲक्सिलरेटरला एक ठोसा द्यायचे, इंजिनाचा आवाज चढला की पुन्हा क्लच दाबून दांडा डावीकडं खाली. एवढं सगळं गाडी थांबून मागं सरकायच्या आत. जमलं तर ‘टक्’ एवढाच आवाज. नाही जमलं तर डब्यातून असा कर्रर्र निघायचा, की मागं बसलेल्या बायका देवीचं नाव घ्यायच्या. अण्णांचं बहुतेक वेळा जमायचं. त्या वेळी त्यांचे ओठ किंचित पुढं यायचे. मला वाटायचं, ते इंजिनाचा सूर मनात लावून बघतात.

पुढं पेट्रोल महाग होत गेलं. १९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोलवरची जीप शेतकऱ्याच्या दारात उभी राहायला लागली, ती खरोखरच उभी. महिंद्रनंही वाट बदलली होती. आधी ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन जीपमध्ये घालून झालं होतं, आणि १९८५ साली एमएम ५४० आली ती पेजोच्या परवान्यावर बनलेलं एकवीसशे सीसीचं डिझेल इंजिन घेऊन. आमच्या भागात या बदलाचा वास लवकर आला, कारण सातपूरला महिंद्रचा कारखाना आणि इगतपुरीला इंजिनांचा. कामगार बसमधून घरी जाताना जे बोलत, ते महिन्याभरात पिंपळगावच्या मार्केटात पोचलेलं असे.

अण्णांनी हरिकेन काढलं. एका उलटलेल्या ५४०चं पेजो इंजिन आणि त्याच्या पाठीला असलेला चार गिअरचा डबा, असा जोड त्यांनी मिळवला. आरटीओच्या पुस्तकात पेट्रोलच्या जागी डिझेल लिहून घेतलं. जुना तीन गिअरचा डबा ग्रीस फासून, बारदानात गुंडाळून द्राक्षाच्या शेडमध्ये फळीवर ठेवला. विकला मात्र नाही.

गाडी मी शिकले ती चार गिअरवर, आणि मला वाटलं की फार पुढची गाडी शिकतेय. पहिला सिंक्रोचा, डबल क्लचची भानगड नाही. अण्णा शेजारी बसून उगाच ॲक्सिलरेटर मारायच्या जागी पाय आपटायचे. पण पुढं मी हिशोब केला तेव्हा कळलं, चौथ्या गिअरनं आम्हाला वेग दिलाच नव्हता. जुन्या डब्याचा तिसरा आणि नव्याचा चौथा दोन्ही थेट. म्हणजे इंजिनाची एक फेरी, शाफ्टची एक फेरी. जास्तीचा गिअर मिळाला तो खालच्या बाजूला. पहिला आणखी भक्कम झाला, मधली उडी लहान झाली. चढावर तो वरदान, सपाटीवर मात्र आम्ही होतो तिथंच.

बाकीचं मागच्या हाउसिंगमध्ये ठरत होतं. आमच्या क्राऊनला ४३ दात आणि पिनियनला ८. म्हणजे चाक एकदा फिरायला शाफ्ट जवळजवळ साडेपाच वेळा फिरणार. सहाशे-सोळाच्या टायरवर ताशी साठला इंजिन मिनिटाला चोवीसशे फेऱ्या घालतं, ऐंशीला बत्तीसशेच्या आसपास. नांगराला जुंपायच्या गाडीला हे शोभतं. रस्त्यावर चालवणाऱ्याच्या मात्र कानाला दडे बसतात.

मी शेती बघायला लागले तोवर आग्रा रोड चौपदरी झाला होता. नाशिक शहरावरून लांबलचक उड्डाणपूल गेला. कसाऱ्यापर्यंत ट्रकसुद्धा सत्तरनं धावतात. त्यांच्यात आमची जीप साठला लागली की पत्र्याचा प्रत्येक बोल्ट बोलायचा. शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे, फोन तर ऐकूच येत नसे. मागचा कंटेनर दिवे मारायचा. इंजिनात जीव शिल्लक असायचा, पण तो चाकांपर्यंत पोचायला वाट नव्हती. वरचा गिअरच नव्हता.

घरात दोन तट पडले. भाऊ म्हणाला, जुनी गाडी आहे, आहे तशी ठेव, पन्नास वर्षांच्या वर गेली, व्हिंटेज म्हणून नोंद होईल. मी नियम वाचला. केंद्रानं २०२१ साली व्हिंटेज वाहनांचे नियम केले, त्यात पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत बदल झालेला नको. आमचं इंजिन अण्णांनी केव्हाच बदललेलं, म्हणजे दार तिथंच बंद. गंमत अशी, की त्या यादीत गिअरबॉक्सचं नावसुद्धा नाही. पण मला थांबवलं ते पुढच्या कलमानं. अशी नोंद झालेली गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, डिझेल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर. मला कांद्याच्या गोण्या आणायच्या होत्या.

आणि ‘आहे तशी’ म्हणजे कशी? अमेरिकन आराखडा, माझगावची जोडणी, फ्रेंच घराण्यातलं इगतपुरीचं इंजिन, कुठल्या तरी अपघातातला चार गिअरचा डबा. जे मोडेल ते बदलून, जे मिळेल ते बसवून ही गाडी इथवर आली. तिची परंपरा म्हणायचीच तर हीच.

आमचे मिस्त्री म्हणजे चाचा. नाशिकच्या द्वारकेजवळ त्यांचं वर्कशॉप. त्यांनी बोलेरोचा पाच गिअरचा डबा सुचवला. बोलेरो २००० सालापासून नाशिकच्याच कारखान्यातून बाहेर पडते, त्यामुळं तिचे डबे अंबड लिंक रोडच्या भंगारात कांद्यासारखे मिळायचे. डबा निवडताना चाचांनी वरचं झाकण उघडून आधी ऑइल बोटावर घेतलं. उन्हात धरून त्यात पितळेची चकमक दिसते का ते पाहिलं. दिसली तर सिंक्रोच्या रिंगा खलास. मग प्रत्येक दाताच्या कडेवरून नख फिरवलं.

“ताई, डबा बसवणं मोठं काम नाही,” ते म्हणाले, “सरळ बसवणं मोठं काम आहे.”

ते काय म्हणत होते ते पुढं कळलं. क्लचप्लेटच्या मधल्या खाचा नव्या शाफ्टला जुळेनात, म्हणून प्लेट बदलली. शाफ्टचं नाक फ्लायव्हीलमधल्या पायलट बेअरिंगमध्ये बसतं, त्याचं माप निराळं, म्हणून सातपूर एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून बुश करून आणलं. डब्याच्या मागं आमचा जुना ट्रान्स्फर, म्हणजे त्या दोन आखूड दांड्यांचा डबा, जोडायला जाड पत्र्याची प्लेट त्यानंच कातून दिली. कारखान्याला सुटे भाग पुरवणारी माणसं गल्लोगल्ली असल्यामुळं इथं कागदावर पेन्सिलीनं काढलेली वस्तू दुसऱ्या दिवशी हातात लोखंडाची मिळते. हे काम दुसऱ्या गावात एवढ्या सहज झालं असतं असं मला वाटत नाही.

मग चाचांनी फ्लायव्हीलवर डायल गेज उभं केलं, त्याची टाचणी बेल हाउसिंगच्या भोकाच्या कडेला टेकवली आणि इंजिन हातानं हळूहळू फिरवायला लावलं. काटा एका बाजूला झुकला. केसापेक्षा बारीक फरक. मला वाटलं, एवढ्यानं काय होतंय. त्यांनी बोल्ट सैल केले, लाकडी हातोडीनं एक टिचकी दिली, पुन्हा आवळले, पुन्हा फिरवायला लावलं. असं बराच वेळ. डबा तिरका बसला तर बेअरिंग खातो आणि चालत्या गाडीत गिअर आपोआप निसटतो, म्हणाले. उतारावर निसटला तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही. गडाचा रस्ता त्यांनाही माहीत होता.

खरी अडचण लांबीची. पाच गिअरचा डबा जुन्याहून लांब, म्हणून ट्रान्स्फर मागं सरकला. पुढचा शाफ्ट लांबवावा लागला आणि मागचा आखूड करावा लागला. जीपच्या दोन्ही ॲक्सलमध्ये अंतरच मुळी ऐंशी इंच. मागचा शाफ्ट आखूड झाला की तो जास्त उतरता होतो, क्रॉसवर ताण येतो आणि गाडी थरथरते. चाचांनी इंजिन थोडं पुढं घेतलं, पंखा रेडिएटरला लागणार नाही एवढंच, आणि आडवी पट्टी खाली उतरवली. गिअरचा दांडा पार सीटच्या मधे उगवला होता, तो तापवून पुढं वाकवला. स्पीडोमीटरला काही करावं लागलं नाही, कारण त्याची केबल ट्रान्स्फरमधून निघते. डबा कुठलाही असो, तो चाकांचंच ऐकतो.

पाचव्या गिअरचं यंत्र मला चाचांच्या टेबलावर उघडा डबा पाहूनच समजलं. चौथ्यात पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांत अडकून एक होतात, शक्ती सरळ जाते. पाचव्यात ती पुन्हा खालच्या शाफ्टवर उतरते, तिथल्या मोठ्या चक्रावरून लहान चक्रावर येते आणि मग बाहेर पडते. इंजिनाच्या साधारण चार फेऱ्यांत शाफ्टच्या पाच. म्हणजे आराम मिळतो तो वळसा घालून. आणि त्याची किंमत आहे. पाचव्यात गाडीला ओढ नाही. साधा उड्डाणपुलाचा चढ लागला तरी चौथ्यावर यावं लागतं. तो गिअर वेग धरून ठेवायला आहे, मिळवायला नाही. वेग मिळवायचं काम खालच्या चौघांचं.

आता साठला इंजिन दोन हजारांच्या खाली असतं. बोल्ट बोलतात, पण आपसांत. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलता येतं. आई पहिल्यांदा त्या डब्याच्या गाडीत बसली तेव्हा ओझरपासून आडगावपर्यंत बोलतच होती. एवढी वर्षं ती या गाडीत गप्प बसायची ते स्वभावानं, असं आम्ही धरून चाललो होतो.

ऐंशीच्या पुढं मी जात नाही. चारी चाकांना जुने ड्रमब्रेक, एकाच नळीवर चालणारे. इंजिन शांत झालं म्हणून गाडी थांबायचं अंतर कमी होत नाही. चाचांनी किल्ली देताना हेच एक बजावलं होतं.

शेडमधला तीन गिअरचा डबा शेवटी पुण्याच्या एका गृहस्थांनी नेला. थ्रीबी मूळ रूपात उभी करताहेत, हरिकेन इंजिन मिळालं होतं, डबा मिळत नव्हता. बारदान सोडलं तर आतले दात नव्यासारखे. दांड्याची गोटी अण्णांच्या तळव्यानं झिजून एका बाजूला चपटी झाली होती, ती त्यांनी बदलली, कारण ती फोटोत बरी दिसेना. त्यांची जीप आता प्रदर्शनात मूळ म्हणून मिरवते, आणि तिला मूळ करणारा डबा आमच्या गाडीतून बदलून काढलेला आहे. मला यात वाईट काही वाटत नाही. बदलणारे नसते तर जपणाऱ्यांनी सुटे भाग आणले कुठून असते?

माझी भाची इंजिनिअरिंगला आहे. मागच्या सुट्टीत तिनं जीपखाली घुसून मापं घेतली. बॅटरी सीटखाली, मोटर थेट ट्रान्स्फरला जोडायची म्हणाली. मोटर पहिल्या फेरीपासूनच ओढते, तिला गिअर बदलायचं कारण नाही, म्हणून डबाच नको.

“मावशी, तुला चालेल ना?” तिनं विचारलं.

तिला हो म्हणाले. अण्णांनी चौथा आणला तेव्हा त्यांनी आजोबांना विचारलं नव्हतं, मी पाचवा आणला तेव्हा कुणाला विचारलं नाही. हिनं निदान विचारलं. फक्त एवढंच सांगितलं, की आधी गणित गडाच्या चढाचं कर, पाच माणसं आणि दोन गोण्या धरून. आणि ब्रेक पहिले बदल.