शहाडमध्ये बसून बर्फाचं यंत्र निवडताना

माझी मोठी बहीण, आपा, गेली बरीच वर्षं कॅनडात राहते. टोरांटोच्या उत्तरेला बॅरी नावाचं शहर आहे, त्याच्या बाहेर तिच्या मुलाने घर घेतलं. घर टेकाडावर. खालच्या सडकेपासून दारापर्यंत जाणारी खासगी वाट ८० मीटर लांब, आणि तेवढ्यात ती १० मीटर चढते. म्हणजे ८ला १. आपल्या कसारा घाटात रेल्वेचा चढ ३७ला १ आहे आणि तिथे गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. रूळ आणि रस्ता यांची तुलना सरळ होत नाही हे मान्य, पण कल्याणच्या माणसाला चढ समजावायचा तर कसाऱ्याशिवाय पर्याय नाही.

बॅरीला बर्फ भरपूर पडतो. थंड वारा जॉर्जियन बेच्या उघड्या पाण्यावरून येतो, येताना बाष्प उचलतो आणि किनाऱ्यावर चढला की टाकतो. आपला पावसाळी वारा सह्याद्रीला अडून कोकणात पाऊस टाकतो, तसंच काहीसं. फरक एवढाच की आपल्याकडचं पाणी वाहून उल्हास नदीत जातं, तिकडचं दारातच बसून राहतं.

तर भाच्याचा फोन आला, "मामू, स्नो ब्लोअर घ्यायचाय. चाकांचा घेऊ की ट्रॅकवाला?" मी आयुष्यात दारात पडलेला बर्फ पाहिलेला नाही. पण कारखान्यात मेंटेनन्सला ३० वर्षं काढली, म्हणून घरात कुठलंही यंत्र यायचं असलं की मला विचारतात.

खरी अडचण यंत्राची नव्हतीच. दुल्हाभाई सत्तरीला आलेत, हृदयात स्टेंट आहे. भाचा आठवड्यातले तीन दिवस कामानिमित्त बाहेर. त्या दिवसांत बर्फ पडला की दुल्हाभाई फजरची नमाज आटोपून, कोणाला न सांगता, फावडं घेऊन बाहेर. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, त्यात दोन्ही हातांनी जड ओझं उचलायचं. बर्फ उपसताना हार्ट अ‍ॅटॅक येणं ही तिकडे दर हिवाळ्याची गोष्ट आहे. मी हिशेब करून दाखवला: ८० मीटर लांब, ३ मीटर रुंद, एक फूट बर्फ. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला १०० किलो धरला तरी सात टन होतात. ओला असेल तर त्याच्या तिप्पट-चौपट. आपा म्हणाली, "हे त्यांना तूच सांग, माझं ऐकत नाहीत." सांगितलं. दुल्हाभाई म्हणाले, "मग काय खिडकीत बसून राहू?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं बायका-मुलांकडेही नसतं. आयुष्यभर घर चालवलेल्या माणसाला 'आराम करा' हे ऐकायला शिक्षेसारखं लागतं.

आता यंत्र. ब्लोअर मुख्यतः दोन तऱ्हेचे. सिंगल स्टेजमध्ये एकच फिरता रोटर जमिनीला घासत बर्फ उचलून फेकतो. खडीच्या वाटेवर तो खडीही फेकणार, म्हणून बाद. टू स्टेजमध्ये पुढे कीमा मशीनच्या स्क्रूसारखा ऑगर बर्फ मधोमध आणतो आणि मागचा पंखा तो नळीतून लांब भिरकावतो. याचं तोंड जमिनीपासून थोडं वर ठेवता येतं. वाट खडीची, म्हणून हाच.

चाक की ट्रॅक, यासाठी भाच्याला मी एकच चित्र दिलं. पावसाळ्यात चिखलात जेसीबी रुतते आणि शेजारी पोकलेन आरामात चालत असतो, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. चाक जमिनीला तळहाताएवढंच टेकतं. चेन लांबलचक टेकते, वजन पसरतं, पकड मिळते. चढावर बर्फात तोंड खुपसलं की चाकं जागीच फिरतात, किंवा तोंड उचलून यंत्र घट्ट बर्फावर चढू बघतं. ट्रॅक तिथे दाबून राहतो. उतरतानाही यंत्र माणसाला ओढून नेत नाही.

पण ट्रॅकचे तोटे दुकानदार हळू आवाजात सांगतो. वजन शंभर किलोच्या पुढे. सरळ छान चालतं, वळायला नाखूश. इंजिन बंद असताना चाकांचं यंत्र ढकलता येतं, हे तसं सहज हलत नाही. म्हणून मी अट घातली: हँडलवर वळायचे वेगळे खटके असलेलंच घ्यायचं, म्हणजे ज्या बाजूचा खटका दाबाल त्या बाजूचा ट्रॅक थांबतो आणि यंत्र स्वतः वळतं. सत्तरीच्या माणसाने खांद्याने वळवायचं असेल तर फावडं काय वाईट होतं? दुसरं, रुंदी २८ इंच पुरे. ३२ इंचीने दोन फेऱ्या वाचतीलही, पण वजन वाढतं.

किंमत चार हजार डॉलरच्या वर. दुकानात बिनव्याजी हप्त्यांची योजना होती. भाच्याला ती हवी होती, दुल्हाभाईंनी करारनामा चष्मा लावून वाचला: एक हप्ता चुकला की व्याज सुरू. ते म्हणाले, ज्या कागदावर व्याजाचं कलम आहे त्यावर मी सही करणार नाही. भाच्याचं म्हणणं, आपण चुकवणारच नाही तर सूद कुठून आला? उलेमांमध्येही यावर मतभेद आहेत, मी मध्ये पडलो नाही. शेवटी दोन हिवाळे वापरलेलं यंत्र रोखीने मिळालं. घेण्याआधी व्हिडिओ कॉलवर मी इंजिन थंड असताना सुरू करायला लावलं, ट्रॅकच्या रबराला चिरा बघितल्या, आणि हँडल सोडल्यावर ऑगर किती लवकर थांबतो ते दोनदा तपासलं.

कामाची वाटणी अशी ठरली: उतार भाचा करणार. वरचं दारासमोरचं सपाट अंगण दुल्हाभाईंचं, पण आपा जागी असतानाच. नळी तुंबली तर इंजिन बंद करायचं आणि काठीनेच मोकळी करायची. पंख्यात ताण अडकलेला असतो, बंद इंजिनातही तो बोटं नेतो. हे मी तीनदा बोलायला लावलं.

परवा दुल्हाभाईंचा स्वतःहून फोन. खडीतला दगड अडकला, ऑगरची शिअर पिन तुटली. "तिच्या जागी गॅरेजमधला चांगला स्टीलचा बोल्ट टाकू का? पुन्हा तुटणार नाही." मी म्हटलं, चाळीत फ्यूज उडाला की लोक जाड तार घालायचे, आठवतं का? मग मीटरच जळायचा. पिन तुटते म्हणून गिअरबॉक्स वाचतो. कंपनीच्याच दहा पिना आणा आणि डब्यात घालून दाराजवळ टांगा.

"दहा कशाला?" ते म्हणाले. "अंगण एवढंसं तर आहे."

"उताराच्या धरून," मी म्हटलं.

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "उतार अर्धाच केला होता. आपाला सांगू नकोस."