हजार डॉलरांतलं फोर्टी-फोर

अलास्कात मासे पकडायला जायचं तर आधी अस्वलाचा विचार करायचा आणि मग गळाचा, हे अँकरेजला आल्या आल्या ऑफिसातल्या लोकांनी मला सांगून ठेवलं होतं. अँकरेजपासून गाडीनं दोनेक तासांवर, केनाई द्वीपकल्पात, कूपर लँडिंग नावाचं छोटं गाव आहे. त्याच्याजवळ रशियन नदी केनाई नदीला मिळते. उन्हाळ्यात तिथं सॉकाय जातीचे सॅमन प्रवाहाविरुद्ध चढत येतात. त्यांच्यामागे माणसं येतात आणि तपकिरी अस्वलंही येतात. काठावर झुडपं इतकी दाट की दहा पावलांवरचं दिसत नाही, आणि पाण्याच्या आवाजात अस्वलाला तुमची चाहूल लागत नाही. हे जनावर ताशी पन्नास किलोमीटरहून अधिक वेगानं धावतं.

पहिली खरेदी अर्थातच स्प्रेची. तिखटाच्या अर्काचा हा डबा चाळीस-पन्नास डॉलरना मिळतो आणि त्याच्या बाजूनं भक्कम पुरावा आहे. अस्वलांचे अभ्यासक टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि सहकाऱ्यांनी 1985 ते 2006 मधल्या अलास्कातल्या घटना तपासल्या. त्यात तपकिरी अस्वलांवर स्प्रे 92 टक्के वेळा लागू पडला होता, आणि तो बाळगणाऱ्यांपैकी 98 टक्के लोकांना इजा झाली नव्हती. याच मंडळींनी पुढे 2012 मध्ये बंदुकांचाही अभ्यास मांडला. हातबंदूक वापरलेल्यांपैकी 84 टक्के लोकांना अस्वल रोखता आलं होतं. पण एकंदर पाहता बंदूक झाडणारे आणि न झाडणारे यांच्या जखमांच्या प्रमाणात फरक आढळला नाही. मग रिव्हॉल्व्हर कशाला? वारा तोंडावर असेल किंवा धो धो पाऊस असेल तेव्हा फवारा भरवशाचा राहत नाही, म्हणून. स्प्रेच्या जोडीला दुसरं साधन हवं, स्प्रेच्या जागी नव्हे, हे मी आधीच ठरवून टाकलं.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, आपल्याकडे आजोबांची ठासणीची बंदूक होती तेवढी पुरे नाही का झाली?" राजापूरकडच्या आमच्या घरी शेतीसंरक्षण परवान्यावरची ती बंदूक रानडुकरांसाठी होती. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, नंतर सोडवून आणायची. भारतात परवानाधारकाला रिव्हॉल्व्हर मिळतं ते बहुतेक कानपूरच्या कारखान्यातलं पॉइंट थ्री-टूचं. त्याहून मोठ्या गोळीचं सहसा मिळत नाही. अमेरिकेत कायदा वेगळा आहे, पण तोही सरसकट मोकळा नाही. एच-वन व्हिसावर असलेल्यांना, शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडले तर, बंदूक विकत घेता येत नाही. त्यामुळे ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत मी थांबले. दुकानात 4473 क्रमांकाचा फॉर्म भरायचा, त्यातली उत्तरं खोटी निघाली तर तो गुन्हा ठरतो. मग दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेकडून तुमची पार्श्वभूमी तपासून घेतो. 2018 मध्ये मी हे सगळं केलं.

स्प्रे सोडून माझ्याकडे हजार डॉलर होते, सगळं मिळून. शेजारी तेलाच्या पाइपलाइनवरून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. आकडा ऐकताच ते म्हणाले, "सातशेच्या वर बंदुकीला देऊ नकोस. उरलेल्याची काडतुसं आण आणि झाडून संपव." पुढचे सगळे निर्णय मी या एका वाक्यावर घेतले.

पहिला प्रश्न कॅलिबरचा, म्हणजे गोळीच्या जाडीचा. थ्री-फिफ्टी-सेव्हन मॅग्नम 1935 सालचं. स्वस्त, हलकं, आणि त्यात थर्टी-एट स्पेशल ही सौम्य काडतुसं घालून सराव करता येतो. काळ्या अस्वलापुरतं ते चालेल, पण तपकिरी नराच्या जाड हाडांसमोर ते कमी पडतं, असं इथले जुने लोक एकमुखानं सांगतात. वरच्या टोकाला फोर-फिफ्टी-फोर कसूल आणि 2003 मध्ये आलेलं स्मिथ अँड वेसनचं फाइव्ह हंड्रेड. ते फाइव्ह हंड्रेड लांब नळीसकट दोन किलोंचं असतं, आणि त्याचं एक-एक काडतूस दोन-तीन डॉलरना पडायचं. ज्या बंदुकीतून आपण महिन्याकाठी दहा गोळ्यासुद्धा झाडणार नाही ती वेळेवर हातात काय कामाची?

मधे उरतं फोर्टी-फोर मॅग्नम. आयडाहोत गुरं राखणारे आणि लेखणीही चालवणारे एल्मर कीथ वर्षानुवर्षं जुन्या फोर्टी-फोर स्पेशलमध्ये जास्त दारू भरून प्रयोग करत होते. त्यांच्या पाठपुराव्यानंतर रेमिंग्टन आणि स्मिथ अँड वेसननं मिळून 1955 च्या अखेरीस हे काडतूस तयार केलं. 1971 मध्ये क्लिंट ईस्टवुडच्या ‘डर्टी हॅरी’नं ते घरोघरी पोहोचवलं. मला सिनेमाशी कर्तव्य नव्हतं. मला त्यातली एक सोय मोलाची वाटली: मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये 1907 सालचं फोर्टी-फोर स्पेशल बिनधोक चालतं. मॅग्नमची साडेपंधरा ग्रॅमची गोळी सेकंदाला चारशे मीटरच्या वर जाते, तर स्पेशलची साधारण तेवढ्याच वजनाची गोळी सव्वादोनशेच्या आसपास. बंदूक एकच, पण शिकताना मनगट शाबूत राहतं.

दुसरा प्रश्न सिंगल ॲक्शन की डबल. सिंगल ॲक्शनमध्ये प्रत्येक गोळीला अंगठ्यानं घोडा चढवावा लागतो. रचना साधी, मजबूत, आणि किंमत दोनेकशे डॉलरनी कमी. माझ्यासारख्या लहान हाताला तिची नांगराच्या मुठीसारखी मूठ खरं तर छान बसते, झटक्याबरोबर ती पंज्यात वर फिरते आणि धक्का बराचसा सोसला जातो. मात्र चापाभोवतीची कडी मागून चौकोनी असेल तर प्रत्येक बाराला ती मधल्या बोटाच्या पेरावर आपटते. रेंजवर भाड्यानं घेतलेल्या एका बंदुकीनं माझं पेर असं सोलून निघालं. तरी ती नाकारली त्याचं कारण वेगळं होतं. अस्वल अंगावर आलं तर दुसरा हात मोकळा राहीलच असं नाही, आणि ओल्या, गारठलेल्या अंगठ्यानं घोडा चढवताना तो निसटू शकतो. डबल ॲक्शनला नुसता चाप ओढायचा. ओढ पाच-सहा किलोंची असते, पण तिची सवय करता येते.

नवं डबल ॲक्शन घेतलं असतं तर सगळे पैसे त्यातच गेले असते. म्हणून वापरलेल्या मालाचे काउंटर पालथे घातले. शेजारच्या गृहस्थांनी काय तपासायचं ते शिकवलं होतं. आधी सिलिंडर उघडून सहाही कप्पे रिकामे आहेत हे डोळ्यांनी आणि बोटानं पाहायचं. मग दुकानदाराची परवानगी घेऊन घोडा अगदी सावकाश मागे ओढायचा. तो मागे अडकण्याच्या आत सिलिंडर आपल्या खाचेत ‘टक्’ करून बसला पाहिजे, आणि हे सहाही कप्प्यांना वेगवेगळं करून बघायचं. एका दुकानात चकचकीत, आरशासारखं पॉलिश केलेलं रिव्हॉल्व्हर साडेसहाशेला होतं. त्याचे चार कप्पे नीट बसले, दोन केसभर अलीकडे राहिले. म्हणजे त्या दोन कप्प्यांतली गोळी नळीत सरळ शिरणार नाही, कडेला घासून जाणार आणि शिशाचे कण बाजूला उडणार. मी ते परत ठेवलं.

नंतर दुसरीकडे रुगर कंपनीचं रेडहॉक रिव्हॉल्व्हर दिसलं. चार इंची नळी, स्टेनलेस स्टील, वजन एक किलो तीनशे. अंगभर ओरखडे, एका बाजूला होल्स्टरनं घासून पडलेला मळकट पट्टा. पण स्क्रूंच्या खाचा शाबूत होत्या, कुणी आत हात घातल्याची खूण नव्हती. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट मी फीलर गेजच्या पातळ पट्ट्या घालून मोजली, ती सुमारे 0.15 मिलिमीटर निघाली. पाव मिलिमीटरच्या वर असती तर घेतलं नसतं. मागून अंगठ्याच्या नखावर उजेड पाडून नळीत पाहिलं, तर पीळ धारदार दिसत होते. नळीच्या मागच्या तोंडाशी तडा नव्हता. सहाशे नव्वद डॉलरना सौदा झाला. ओरखड्यांमुळे शंभर-दीडशे तरी वाचले असतील, आणि ओरखड्यांनी नेम बिघडत नाही.

जड बंदूक मी जाणून निवडली. स्कँडियमच्या मिश्रधातूची जेमतेम सातशे ग्रॅमची फोर्टी-फोर मिळतात. खांद्याला बरी, पण मॅग्नमचा बार काढल्यावर तळहात बधिर होतो आणि दुसऱ्या बाराआधीच डोळे मिटायला लागतात. हे स्टीलचं धूड मी छातीवरच्या चामडी होल्स्टरमध्ये बांधते. नदीत कमरेइतक्या पाण्यात उभं राहायचं तर कमरेचा पट्टा उपयोगाचा नाही. होल्स्टरला शंभरेक डॉलर गेले.

उरलेल्या दोनशेंत काडतुसं किती येणार? साधं मॅग्नम तेव्हा डॉलरच्या आसपास होतं. अस्वलासाठीचं, कडक शिशाच्या चपट्या नाकाच्या वीस ग्रॅमी गोळीचं काडतूस त्याच्या जवळपास दुप्पट. पोकळ नाकाची गोळी इथं चालत नाही, ती लवकर फुलून उथळच थांबू शकते आणि आपल्याला ती खोल जायला हवी असते. शिवाय बरेच दुकानदार अलास्कात काडतुसं पाठवतच नाहीत. उपाय शेजारच्या गॅरेजमध्ये होता. तिथल्या प्रेसवर मी रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरायला शिकले: जुनी कॅप काढायची, पुंगळी साच्यातून मूळ आकाराला आणायची, नवी कॅप बसवायची, दारू तराजूवर तोलून घालायची, वर गोळी दाबायची. खर्च निम्म्यावर आला. दारू तोलताना आम्ही दोघंही बोलत नाही आणि टेबलावर एका वेळी एकच डबा ठेवतो.

आधी स्पेशल झाडली, मग हलकं मॅग्नम, मग खरं जड काडतूस. आता सात मीटरवर जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळात, नुसता चाप ओढून, सहाही गोळ्या बसतात. नदीवर अस्वल दिसलं की मी इतरांसारखीच दोरी गुंडाळते आणि मागे सरते. रिव्हॉल्व्हर आजवर होल्स्टरबाहेर काढावं लागलेलं नाही. अस्वल मारावंच लागलं तर इथल्या कायद्यानं नख्यांसकट कातडं आणि कवटी काढून सरकारजमा करावी लागते, आणि जबाबही द्यावा लागतो. घरात लहान मूल असल्यामुळे बंदूक कुलपाच्या तिजोरीत असते. ती तिजोरीही खर्चात आधीच धरायला हवी.

इथं नव्यानं आलेली मराठी मंडळी मला विचारतात तेव्हा मी एवढंच सांगते: आधी स्प्रे घ्या आणि सरावाचा डबा फवारून बघा. मग पैसे असतील तर वापरलेलं, स्टीलचं, चार इंची डबल ॲक्शन फोर्टी-फोर घ्या. आणि काडतुसांना पैसे उरत नसतील, तर रिव्हॉल्व्हर पुढच्या वर्षी घ्या.