अठरा बाइट

सोमवार, 8 जुलै 2024
लायब्ररीच्या चाचण्या आता सी प्लस प्लस 17 बरोबर 20 च्या नियमांनीही चालवायच्या, असं ठरलं. आज सकाळी येऊन पाहतो तर ढीगभर फेल. मी त्यातली एक धरली: यूटीएफ-8 मजकूर यूटीएफ-16 मध्ये नेणारी, कधीकाळी मीच लिहिलेली. स्ट्रिंग 'पुणे411001', मध्ये जागा न सोडता. दिसायला दोन अक्षरं, सहा आकडे. कंपायलरची कुरकुर मात्र 19 खान्यांच्या अ‍ॅरेबद्दल. बोटांवर मोजलं. प, उकार, ण, मात्रा यांचे तीन-तीन बाइट, आकड्यांचे सहा, शेवटचं शून्य. मोजणी बरोबर आहे, भांडण टाइपचं. 17 पर्यंत 'यू8' लावलेला मजकूर साध्या 'चार'चा असे (आकडा नव्हे, टाइप). 20 ने त्याला 'चार8_टी' हा वेगळा टाइप दिला, आणि तो साध्या स्ट्रिंगमध्ये शिरत नाही. लायब्ररी निर्दोष, माझी चाचणीच जुनी.

मंगळवार, 9 जुलै
शेजारचा म्हणाला, "अरे, चार8_टी बंद करायचा फ्लॅग टाक की, झालं!" टाकला, लगेच पास. पण 20 मध्ये चार8_टीसाठी जे नवं रूपांतर आलंय, ते या फ्लॅगखाली कुणीच तपासणार नाही. नावाला 20, आतून 17. फ्लॅग काढला.
2022 मध्ये सी प्लस प्लसच्या समितीने थोडी माघार घेतली: साधा चार-अ‍ॅरे यू8 मजकुराने भरायला पुन्हा मुभा. माझ्याकडे चाललं, जुना कंपायलर असलेल्या मशीनवर नाही.

बुधवार, 10 जुलै
शेवटी 'यू8' काढून बाइटच हेक्समध्ये लिहिले. ई0, ए4, एए... शेवटचा 87. आणि त्याला चिकटून 411001! हेक्सचे आकडे कुठे संपतात हे कंपायलरला कोण सांगणार? त्याने पिनकोडही गिळला, मर्यादेबाहेरचा आकडा म्हणून इशारा दिला. या चुकीत दुपार गेली, कारण मी डोळे फाडून 'ण'कडे पाहत होतो. 87 नंतर अवतरण बंद करून पुढे नवं उघडलं. शेजारशेजारचे तुकडे कंपायलर नंतर जोडतो.

गुरुवार, 11 जुलै
चार8_टीची चाचणी वेगळ्या फाइलमध्ये, फक्त 20 पासून पुढे चालणारी. दोन्ही पास. बदल तपासणारीने एकच शेरा दिला: "हे कोणतं गाव आहे?" बाइटांच्या ओळीशेजारी कॉमेंटमध्ये 'पुणे' लिहून पुन्हा पाठवलं.