पेशंट कोण?

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. आम्ही गावाकडची पोरं ट्यूशन एरियाच्या मागं तिसऱ्या मजल्यावर खोली करून राहायचो. टँकर आला की कॅन घेऊन खाली पळापळ. भरलेला कॅन वर नेताना मला दुसऱ्या मजल्यावर टेकावं लागायचं. मित्र म्हणायचे, मेसचं पातळ वरण खाऊन तुझ्या अंगात काही राहिलं नाही. मलाही ते पटायचं. उन्हाळाच तसा होता, दम सगळ्यांचाच निघत होता.

पोलीस भरतीची तयारी चालू होती. गावी गेलो की पहाटे शिरूर ताजबंदच्या रस्त्याला पळायचो. आदल्या वर्षी सोळाशे मीटरला मी पोरांच्या पुढं असायचो, त्या वर्षी सगळ्यांत मागं. हिवाळ्यात रात्री आडवं झालं की खोकल्याची उबळ यायची, उठून भिंतीला टेकून बसलं की थांबायची. एका सकाळी थुंकीत गुलाबी रंग दिसला. माय घाबरली आणि दादांनी, म्हणजे वडिलांनी, मला मोटारसायकलवर घालून अहमदपूरला नेलं. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, मग डाव्या कुशीवर झोपायला लावलं आणि परत ऐकलं. ऐकतच राहिले. तोवर इतका वेळ माझं कुणी ऐकून घेतलं नव्हतं.

लातूरला ‘टूडी’, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. हृदयाच्या डाव्या बाजूला वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात रक्त सोडणारी झडप असते, मायट्रल व्हॉल्व्ह. ती उघडली की चार ते सहा चौरस सेंटीमीटरची वाट मिळायला हवी. माझ्या रिपोर्टवर ०.९ लिहिलं होतं. डॉक्टरांनी मायला विचारलं, लहानपणी याचे सांधे सुजले होते का? सुजले होते. पाचवीत असताना घसा धरला, ताप आला, मग गुडघा सुजला, तो उतरला की घोटा, मग मनगट. आजीनं रुईची पानं तव्यावर गरम करून बांधली. वाढीचं दुखणं आहे म्हणाले सगळे. सूज उतरली, आम्ही विसरलो. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूशी लढता लढता शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. सांधे बरे होतात, झडप मात्र वर्षानुवर्षं जाड होत, चिकटत जाते. घसा धरला तेव्हाच पेनिसिलिन पोटात गेलं असतं तर बहुधा हे टळलं असतं. श्रीमंत देशांतून हा संधिवाताचा ताप जवळपास गेलेला आहे. जगात त्यामुळं झडपा खराब झालेले कोट्यवधी लोक आहेत, आणि त्यातले बहुतेक आमच्यासारख्या, एका खोलीत पाच-सहा जण झोपणाऱ्या घरांतले. हे सगळं मी नंतर वाचलं. तेव्हा एवढंच कळलं की फुग्यानं झडप उघडण्याची वेळ निघून गेलीय, ती कडक झालीय आणि गळतेही, म्हणजे बदलावीच लागणार.

कार्डिओलॉजीच्या ओपीडीत बसणं हा एक वेगळाच प्रकार असतो. बाकड्यावर सगळी साठीतली माणसं. नाव पुकारलं की मी आणि दादा दोघं उठायचो आणि सिस्टर दादांचा दंड धरून बीपीचा पट्टा गुंडाळायला लागायची. ‘पेशंट कोण?’ हा प्रश्न त्यानंतर यायचा. दादा माझ्याकडं बोट करायचे आणि बाकड्यावरची सगळी डोकी माझ्याकडं वळायची. एक आजोबा सरळ म्हणाले, ‘अरं लेकरा, तुला काय झालं? आमचं ठीक हाय.’ म्हाताऱ्यांच्या रांगेत तरुण पेशंटला जी दया मिळते ती मला नकोशी व्हायची. मोबाइलमध्ये डोकं घालून मी असा बसायचो की लोकांना वाटावं, हा वडिलांना घेऊन आलाय.

ऑपरेशन २०१७ मध्ये पुण्याला झालं. सरकारी योजनेत बसलं. तिचं नाव तेव्हा नुकतंच बदलून महात्मा फुले जनआरोग्य योजना झालं होतं, पण गावात सगळे ‘राजीव गांधी’च म्हणायचे. नांदेडला ती २०१२ सालीच, पहिल्या आठ जिल्ह्यांत आली होती. आमच्याकडं पुढच्या वर्षी. पिवळं रेशनकार्ड, आरोग्यमित्राच्या टेबलावर रांग, मंजुरीची वाट. ऑपरेशनचं भागलं. राहणं, खाणं, जाणं-येणं आणि दादांची बुडालेली मजुरी यांत म्हैस गेली. म्हशीबद्दल घरात आजवर कुणी मला एका शब्दानं बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

माझी नवी झडप कार्बनची, दोन पाकळ्यांची. ती मिटताना टक् असा आवाज येतो. दिवसा कळत नाही. रात्री लाइट गेली, पंखा बंद पडला की खोलीभर तेच. तोंड उघडं ठेवलं तर आणखी मोठ्यानं. ओपीडीत एक बाई भेटल्या होत्या, त्यांना तिरुवनंतपुरमच्या संस्थेत तयार झालेली चित्रा झडप बसवलेली होती. आपल्या देशातली ही पहिली झडप १९९० साली माणसाला बसवली गेली. तिची चकती खास प्लास्टिकची असते, म्हणून आवाज फार कमी. मला त्यांचा हेवा वाटला. हेवा वाटायला माणसाला काय काय पुरतं!

धावणं संपलं होतं, म्हणून मी तलाठी, लिपिक असल्या परीक्षांकडं वळलो आणि अभ्यासिका लावली. तिथली शांतता मला जड गेली. शेजारच्या टेबलावरचा पोरगा दुसऱ्याच दिवशी इकडं तिकडं बघत म्हणाला, ‘घड्याळ कुठं वाजलालंय रे?’ मी माझं हातातलं घड्याळ काढून बॅगेत टाकलं. थोड्या वेळानं तो परत म्हणाला, ‘अजून वाजलालंय की.’ दुसऱ्या दिवसापासून मी पंख्याखालची जागा धरली. जानेवारीच्या थंडीत पंखा लावतो म्हणून पोरं शिव्या द्यायची, तेवढं परवडायचं.

आवाजाची लाज लवकर गेली. त्याची वाट बघायची सवय लागली, ती मात्र जाईना. अंथरुणावर पडलं की टक्, आणि मग पुढचा टक् येईपर्यंत मी श्वास धरून. झोपेत बंद पडली तर? आपण झोपलो तर ऐकणार कोण? मग पहाटेपर्यंत जागा. धाकटा भाऊ शेजारी झोपायचा. मध्येच त्याचा हात माझ्या नाकाजवळ यायचा. तोही तपासत होता, हे कळल्यावर मला त्याचा राग आला. रडू यायला पाहिजे होतं, पण आला राग.

एकदा नांदेडहून एसटीनं येताना लोह्याच्या अलीकडं छाती धडधडायला लागली. तोंडाला कोरड, हातापायांना मुंग्या, गाडीतली सगळी हवा संपल्यासारखी. मी कंडक्टरला म्हणालो, थांबवा, मी हार्ट पेशंट आहे. गाडी थांबली. दोन माणसांनी दवाखान्यात नेलं, ईसीजी काढला. नॉर्मल. ‘काही नाही झालेलं, टेन्शन घेऊ नका.’ असं पुढं कितीदा झालं. प्रत्येक वेळी पट्टीवर नॉर्मल आलेख, प्रत्येक वेळी टेन्शन घेऊ नका, आणि प्रत्येक वेळी दादांच्या खिशातून पैसे. ‘काही नाही’ हे ऐकून सुटल्यासारखं वाटायला हवं, पण मला खोटं पकडल्यासारखं वाटायचं. अवघड हे की भीती वाटली की होतं तेच हृदय बिघडलं तरी होतं. धडधड, घाम, दम. ज्याला हृदयाचा आजार नाही त्याला डॉक्टर सांगू शकतात की हे मनाचं आहे. मला तसं छातीठोक कोण सांगणार?

२०२१ साली सप्टेंबरात टीव्हीवरचा सिद्धार्थ शुक्ला हार्ट अटॅकनं गेला, ऑक्टोबर संपता संपता कन्नड नट पुनीत राजकुमार. चाळीस आणि शेहेचाळीस. माझी एक मावशी कर्नाटकात बीदरकडं दिलेली. तिकडच्या मावसभावांचे स्टेटस कितीतरी दिवस पुनीतच्या फोटोंचे. हार्ट अटॅक म्हणजे रक्तवाहिनीचं दुखणं, माझं झडपेचं; दोन्हींचा तसा संबंध नाही. हे मी चारचौघांना समजावून सांगत होतो आणि रात्री स्वतः मनगट धरून बसत होतो. जेवण कमी झालं. अंघोळीला कडी लावायची बंद केली, आत पडलो तर दार तोडावं लागू नये म्हणून.

शेवटी नांदेडला एका मित्रानं विष्णुपुरीच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या मनोविकार ओपीडीत नेलं. (आता १४४१६ वर फोन करून मराठीतही बोलता येतं, ही टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, माझ्या वेळी नव्हती.) तिथल्या मॅडमनी टेन्शन घेऊ नका म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, आधी तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांकडून लिहून आणा की याला जिना चढायला हरकत नाही. मी चिठ्ठी आणली. मग रोजचं काम दिलं: जिना चढायचा, धडधड वाढू द्यायची, वर पायरीवर बसायचं आणि ती किती वेळात उतरते ते वहीत लिहायचं. पळून यायचं नाही, नाडी धरायची नाही. पहिल्या दिवशी मी चार पायऱ्या चढून कठड्याला धरून उभा राहिलो, तर वरून एक आजी भाजीची पिशवी घेऊन उतरत आली आणि म्हणाली, ‘सरक की बाबा.’ मी सरकलो. त्या गडबडीत आणखी सहा पायऱ्या चढून झाल्या. वही भरत गेली. धडधड दर वेळी उतरत होती. आकडे माझ्याच अक्षरात होते, त्यामुळं ते नाकारता येईनात. सोबत काही महिने गोळीही होती.

चिठ्ठी आणायला गेलो तेव्हा हृदयाच्या डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. भीतीचे ठोके जलद पडतात, पण सारख्या अंतरानं पडतात. हृदयाची लय बिघडली की बहुतेक वेळा अंतर कसंही होतं: दोन जवळ, एक लांब, तीन घाईत, कशाचा कशाला मेळ नाही. ‘लोकांना त्यासाठी मशीन लागतं, तुला नुसतं ऐकू येतं.’ आणि आवाज दबका झाला, टक् च्या जागी नुसतं ढप् यायला लागलं, दम लागला, बोलताना जीभ अडखळली किंवा एका बाजूचा हात लुळा वाटला, तर तडक निघून यायचं. झडपेवर रक्ताची गाठ धरलेली असू शकते. इतकी वर्षं मी आवाजाला भीत आलो होतो, आणि भ्यायचं होतं ते आवाज बसण्याला. त्यानंतर रात्री धडधड झाली की मी तोंड उघडून ऐकायचो. टक्-टक्-टक्-टक्, घाईत पण एका चालीत. म्हणजे भीती. कूस बदलायची.

गोळ्यांचं वेगळं पुराण आहे. रक्त पातळ ठेवायला अ‍ॅसिट्रॉम, आणि ते किती पातळ झालं हे बघायला आयएनआरची तपासणी. माझं अडीच ते साडेतीनच्या मधे हवं. कमी झालं तर गाठ, जास्त झालं तर रक्तस्राव. घशातला जंतू परत उलटू नये म्हणून ऑपरेशनआधी दर एकवीस दिवसांनी पेनिड्युअरचं, म्हणजे पेनिसिलिनचं, इंजेक्शन असायचं, जाड सुईचं, दोन दिवस लंगडायला लावणारं. रक्त पातळ झाल्यावर डॉक्टरांनी त्याच्या पेनिसिलिनच्या गोळ्या केल्या, तेवढं सुख. हिरव्या पालेभाजीतल्या व्हिटॅमिन के मुळं आयएनआर उतरतो, असं कुणीतरी सांगितलं आणि मायनं मेथी, पालक, करडई, सगळं बंद केलं. मग येळवस आली. आमच्याकडं दर्श वेळ अमावास्येला अख्खं गाव शेतात जेवतं. ज्वारीचे उंडे, आंबील आणि भज्जी. तुरीचे, हरभऱ्याचे, पावट्याचे सोले, त्यात मेथी-पालक, चिंच आणि बेसन. वर्षभर पाला न खाल्लेल्या माणसासमोर भज्जीचं भगुणं आलं तर काय होणार? पुढच्या तपासणीत आयएनआर दीडच्या खाली. डॉक्टर हसले. म्हणाले, बंद करू नका, रोज थोडा-थोडा खा. गोळी त्या हिशेबानं बसवतो. आता घरात रोज पालेभाजी असते आणि भाऊ वैतागलेला असतो.

भाऊ वैतागतो हे मला चांगलं वाटतं. मधली काही वर्षं माझ्यावर कुणी चिडतच नव्हतं. मित्रांनी पाठीवर थाप मारायची सोडली, तमाशा असो की क्रिकेट, मला खुर्ची. पोळ्याला बैल धरायला मी पुढं झालो तर चुलते ओरडायचे, ‘ह्याला कुणी येऊ दिलं?’ जीव वाचल्याच्या बदल्यात माणूस म्हणून आपली जागा काढून घेतली जाते, हे कुणाला बोलताही येत नाही, कारण सगळे प्रेमानंच करतात.

मी सध्या नांदेडला एका ऑनलाइन सेवा केंद्रात बसतो. भरती निघाली की पोरांची झुंबड. फॉर्म भरताना मी पोरांना विचारतो, दम लागतो का, लहानपणी सांधे सुजले होते का. बहुतेक जण हसतात. एकाला मी टूडी करायला लावलीच. त्याची निघाली चांगली, खर्च झाला म्हणून तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

लग्नाचं बघणं चालू आहे. मायचं म्हणणं, आधी सांगायचं नाही, शर्टाच्या आतलं कुणाला दिसतंय. मी बायोडाटावर ‘२०१७ मध्ये हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन’ अशी ओळ टाकली. त्यावर घरात दोन दिवस अबोला. दोन स्थळं तिथंच थांबली. तिसऱ्या ठिकाणच्या मुलीनं, मध्यस्थाला बाजूला ठेवून, स्वतः फोन केला. नर्सिंग झालेली आहे, उदगीरला नोकरी करते. पहिला प्रश्न, ‘पंपिंग किती आहे?’ म्हटलं, साठ टक्के. दुसरा प्रश्न, ‘आयएनआर वेळेवर करता का?’ म्हटलं, करतो. तिनं शेवटच्या तीन रिपोर्टांचे फोटो मागितले. पाठवले. रविवारी तिच्या घरचे येणार आहेत आणि मायनं आत्तापासून मला कॉलरचं बटण लावून बसायची ताकीद दिली आहे.